बिनसांडव्याची ताल

माझे थोरले दीर मला आवडत नाहीत. हे मी ते धडधाकट असतानाच लिहून ठेवतेय, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की माणूस गेल्यावर हिला कंठ फुटला. ते इंग्लंडात बेसिंगस्टोकच्या त्या टोकाला राहतात आणि आम्ही या टोकाला. मधे अख्खं गाव आहे, पण आमची गाठ दर रविवारी पडतेच. गावाबाहेरच्या टेकाडावर भाजीपाला करायला जमिनीचे तुकडे भाड्यानं मिळतात, इथं त्याला अलॉटमेंट म्हणतात. तिथं त्यांचा तुकडा वर आहे आणि आमचा त्याला लागून खाली. दोन्ही तुकड्यांसाठी नंबर लावला होता माझ्या जाऊबाईंनी, सगळं गोडीगुलाबीचं होतं तेव्हा. तुकडे मिळेपर्यंत गोडी संपली होती, आणि आता त्या जाऊबाईही नाहीत. राहिलो आम्ही तिघं. वर भाऊजी, खाली मी, आणि माझे मिस्टर, जे दोन्हीकडे बघून हसतात आणि टोमॅटोला काठ्या बांधतात.

मी एका बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते, आणि घरचे म्हणतात की हे काम मी फुकटातही करते. माहेर माणदेशातलं, सासरही तिथलंच, शेजारच्या गावचं. ऑफिसातल्या एका पुण्याच्या मुलीनं मला एकदा विचारलं, तुमच्याकडे म्हणजे अगदी वाळवंट आहे का. मी म्हटलं, वाळू सोडून सगळं आहे. पाऊस डोंगराच्या पलीकडेच रिकामा होतो आणि आमच्या वाट्याला वारा आणि ढगांची सावली तेवढी पाठवतो. अशा मुलखात पाऊस किती पडला हे कुणी विचारत नाही, पडलेला किती थांबला हे विचारतात. आणि पाणी थांबवायचं तर आधी माती थांबवावी लागते, कारण माती गेली की पाण्याला मुरायला जागाच उरत नाही. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

त्यासाठी आमच्याकडे ताल घालतात. ताल म्हणजे उताराला आडवा मातीचा बांध, बाहेरच्या अंगानं दगड रचलेला. पाणी त्याला अडतं, मुरतं, आणि बरोबर आणलेला गाळ तिथंच टाकतं. मात्र तालीला सांडवा लागतो. एका टोकाला ताल मुद्दाम थोडी खाली ठेवायची, तिथं दगड बसवायचे, म्हणजे जास्तीचं पाणी त्या वाटेनं शिस्तीत खालच्याच्या रानात उतरतं. त्याचं पोट भरलं की त्याच्या सांडव्यातून त्याच्या खालच्याकडं. सांडवा न ठेवणारा माणूस आमच्याकडे एक तर येडा समजतात, नाहीतर वैरी. अशी ताल आधी खालच्याला सुकवते आणि मग एक दिवस फुटते.

फुटल्यावर काय, याचाही रिवाज आहे. माझ्या वडिलांचं रान वरच्या अंगाला होतं. एका वळवाच्या पावसात आमचा सांडवा उखडला, ताल तिथून खचली, आणि वडिलांनी वर्षानुवर्षं शेणखत घालून केलेली माती खालच्या शेजाऱ्याच्या रानात जाऊन बसली. आमच्याकडे नुसता मुरूम उघडा पडला. आई म्हणाली, बैलगाडी जुंपा आणि घेऊन या, आपली माती आहे. वडील गेले, शेजाऱ्याच्या बांधावर उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले आणि रिकामे परत आले. मी का म्हणून विचारलं तर म्हणाले, "उतरलेली माती मागत नसतात, पोरी. जिथं थांबली त्याची." त्या आमच्या गावात बांध कोरण्यावरून डोकी फुटत होती, पण उतरलेल्या मातीवरून मी कधी भांडण ऐकलं नाही. शेजाऱ्यानं त्या मातीत कांदा केला आणि एक पोतं आमच्या दारात आणून ठेवलं. आईनं बरेच दिवस त्याला हात लावला नाही.

आता भाऊजींकडे येते. सासरचं रान एकाच उतारावर आहे, वरचं रस्त्याला लागून आणि खालचं ओढ्याकडं. वाटणीचा आमच्याकडचा नियम असा की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. त्यामुळं थोरला वाटे नीट पाडतो, नाहीतर त्याचंच नुकसान. वाटणीसाठी ते इथून गेले, आम्हीही गेलो. त्यांनी रस्त्याकडचा वाटा जरा लहान ठेवला आणि ओढ्याकडचा जरा मोठा. हिशेब असा की धाकटा रस्त्याला भुलेल आणि खालचं आपल्याला राहील. मिस्टर भुललेच होते. मी त्यांना चुलीपाशी बोलावून सांगितलं, खालचं उचला, गाळ आणि पाणी दोन्ही खालीच येतं. त्यांनी खालचं उचललं. भाऊजी सगळ्यांदेखत हसले, पण नाकाला मिरच्या झोंबलेल्या दिसत होत्या. हे डोकं आपल्या भावाचं नाही, हे त्यांना तिथल्या तिथं कळलं होतं.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी जेसीबी लावून दोन रानांच्या मधे ताल घातली. पुरुषभर उंच, आणि सांडवा नाही. थेंब न थेंब वर. आमच्या रानातली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली, पुढच्या वर्षी कसणाऱ्यानं रान सोडलं, आता तिथं कुसळं आहेत. आम्हाला या देशात आणलं ते याच माणसानं, पहिले काही महिने आपल्या घरात ठेवून घेतलं तेही यानंच, आणि हेही यानंच केलं. वाटणीहून परत आल्यावर त्यांनी घरात हुकूम काढला, खालच्यांशी बोलायचं नाही. खालचे म्हणजे आम्ही. खरं तर बेसिंगस्टोकमध्ये आमचं घर त्यांच्या घरापेक्षा उंचावर आहे, पण आम्ही खालचेच.

तो हुकूम माझ्यासाठी नव्हता. माझ्याशी ते तसेही बोलत नसत. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही, जे असेल ते भावामार्फत. हुकूम होता जाऊबाईंना. मी त्यांना अक्का म्हणायचे. मी इथं नवी आले तेव्हा थंडीत कपड्यांचे थर कसे घालायचे इथपासून जीपीच्या, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या, रिसेप्शनवरच्या बाईशी न घाबरता कसं बोलायचं इथपर्यंत सगळं मला अक्कांनी शिकवलं. त्या एका शाळेच्या किचनमध्ये काम करायच्या. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा मोडकं होतं, तरी लोक त्यांचं माझ्यापेक्षा जास्त ऐकायचे. माझं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा माझ्या उशाशी अक्का होत्या. त्यांनी काही समजावलं नाही, नुसतं माझं डोकं मांडीवर घेऊन केस विंचरत बसल्या. असं माणूस नवऱ्याच्या एका शब्दासरशी गप्प झालं. मला त्यांचाही राग आला होता, खोटं कशाला बोलू.

मग अलॉटमेंट मिळाली. दोन तुकड्यांच्या हद्दीवर एक मोठी चपटी गारगोटी होती. तिच्यावर मला एका रविवारी मेथीची जुडी सापडली. पुढं कधी डब्यात शेंगदाण्याची चटणी, कधी कागदात बांधलेलं शेपूचं बी. मी डबा धुऊन त्यात काहीतरी घालून परत त्याच दगडावर ठेवायचे, रिकामा डबा परत करायचा नाही म्हणून. भाऊजींना दिसत असणार, पण दगडावर काही ठेवू नका असं त्यांनी म्हटलेलं नव्हतं. बोलणं मात्र नाही. अक्का वर वाकलेल्या, मी खाली वाकलेली, मधे चार पावलांची जमीन. कधी मला खोकला झाला तर त्या काम थांबवून वर बघायच्या, एवढंच. एवढा संसार आम्ही दोघींनी त्या दगडावर केला.

अक्का आजारी पडल्या ते मला मिस्टरांकडून कळलं, तेही पाच गोष्टी बोलून झाल्यावर सहावी म्हणून. मी हॉस्पिटलला गेले तर भाऊजी वॉर्डच्या दाराशी उभे. माझ्या मागच्या भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले की तिला झोप लागलीय. मी कॉरिडॉरमध्ये बसून राहिले. झोप काही मोडली नाही. पुन्हा गेले, तेव्हाही झोपच. एकदा दार उघडं राहिलं तेव्हा मला पांघरुणाखाली त्यांचे पाय दिसले आणि ते हलत होते. मग भेट झाली ती थेट फ्युनरलला, आणि त्याला भेट म्हणत नाहीत. हे मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

आमच्या गावच्या ओढ्याला पाणी नसतं, त्यामुळं रक्षा वाहत्या पाण्यात सोडायची चैन आम्हाला कधी जमली नाही. आमच्याकडे ती रानात पसरून मातीत मिसळतात. गेलेलं माणूस तेवढं रान धरून ठेवतं, अशी समजूत. इथल्या ओळखीच्या लोकांनी भाऊजींना सुचवलं की मेडनहेडला थेम्समध्ये बोटीतून सोडता येते. त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. अक्कांची राख त्यांनी अलॉटमेंटच्या आपल्या तुकड्यात, सगळ्यात खालच्या वाफ्यात मिसळली, कारण माती तिथंच जरा खोल आहे. त्या वाफ्यात त्यांनी काही पेरलं नाही. दर रविवारी यायचे आणि नुसतं कोळपायचे. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं आपल्याकडे म्हणतात, वरची माती मोकळी ठेवली की खालची ओल उडत नाही. पण ते पिकासाठी, इथं पीकच नव्हतं. तरी बोटभर भुसभुशीत थर कायम ठेवायचे आणि तण दिसलं की वाकून चिमटीनं उपटायचे. खालून ते बघताना मला अक्का आठवायच्या आणि डोक्यात तिडीकही जायची, दोन्ही एकदम.

गेल्या उन्हाळ्यात इथं पाऊस गायब झाला. होजपाइपवर बंदी आली, अलॉटमेंटच्या नळांना कमिटीनं कुलपं घातली, आणि ऑफिसातले इंग्रज लोक पृथ्वी बुडाल्यासारखे चेहरे करून फिरायला लागले. आमच्या उतारावर तर विचारू नका. गावाकडे काळीत पिकतं आणि पांढरीत माणसं राहतात, इथं पांढरीतच पेरायचं. वीतभर माती, खाली खडू, पाणी टाकलं की गेलं. मी घोड्याची लीद, चहाचा चोथा, पालापाचोळा, शेजाऱ्यांनी कापून टाकलेलं गवत, जे मिळेल ते घालून माझ्या तुकड्यातली माती कुठं जरा काळी केली होती. घर बँकेचं आहे आणि नोकरी कंपनीची. ती माती माझी होती.

टेकाडाच्या माथ्यावर गव्हाचं शेत आहे आणि एक कच्ची वाट आहे. अधूनमधून एखादी सर यायची, तिचं पाणी त्या वाटेवरून वाहत भाऊजींच्या तुकड्यातून माझ्याकडे उतरायचं. तेवढ्यावर माझा घेवडा आणि भोपळे तग धरून होते. आणि एका रविवारी बघते तर भाऊजी हद्दीवर ताल घालतायत. खडूची ढेकळं, गारगोट्या, गवताची उलटी ढेपसं, सगळं थरावर थर देऊन पायानं दाबलेलं. त्यांचा हात त्यात बसलेला आहे, हे मी नाकारत नाही. आमचा चपटा दगड त्यांनी मधोमध तालीच्या पोटात घालून टाकला. दोन्ही टोकं बंद आणि सांडवा नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

मी मिस्टरांना वर पाठवलं. म्हटलं, सांडवा कुठं आहे ते विचारा. ते गेले आणि क्रिकेटच्या गप्पा मारून आले. पुन्हा पाठवलं. या वेळी मी खालूनच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं की सांडवा नसला तर ही फुटणार, तुमचंही जाईल आणि माझंही, आणि हे कळायला इंजिनियर असावं लागत नाही. भाऊजी निवृत्त इंजिनियर आहेत. त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. भावाला म्हणाले, "तिला सांग, इथली चिमूटभर माती खाली जाणार नाही."

मिस्टरांनी ते खाली येऊन मला परत सांगितलं, जणू मी बहिरी आहे. पण तोवर माझ्या डोक्यात उजेड पडला होता. गावाकडची ताल त्यांनी पाण्यासाठी घातली होती. ही त्या वाफ्यासाठी होती. प्रत्येक सरीला त्या वाफ्यातलं थोडं पाण्याबरोबर माझ्याकडे येत होतं आणि ते त्यांना सोसत नव्हतं. जिवंतपणी बायकोला खालच्यांकडे येऊ दिलं नाही, आता तिच्या राखेलाही नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तो हा पीळ.

मी कमिटीच्या सेक्रेटरीकडे गेले. ती सत्तरीची इंग्रज बाई, तिचाच तुकडा आमच्या खाली आहे. तिला म्हटलं, वरच्यानं बांध घालून माझं पाणी अडवलंय आणि तो एक दिवस फुटणार आहे. ती आली, तालीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली, आणि तिला ते इतकं आवडलं की तिनं फोटो काढून नोटीसबोर्डावर लावला, कमी पाण्यात बाग कशी करावी याचा नमुना म्हणून. वर मला म्हणाली की तुम्हा लोकांना हे परंपरेनं येतं, तर तुम्हीही का करत नाही. मी काय बोलणार, कपाळ? भाऊजी त्या बोर्डासमोर उभे राहून फोटो बघत होते. मला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता, पण बघितला. खूश होते.

माझे भोपळे लिंबाएवढे होऊन गळले. घेवडा वाळला. घरातलं भांडी धुतलेलं पाणी गाडीतून नेऊन मी दोन वेल जगवले, आणि माती उघडी पडू नये म्हणून तिच्यावर पुठ्ठे आणि वाळलं गवत अंथरलं. मिस्टर म्हणायचे, जाऊ दे ना, भोपळा सुपरमार्केटमध्ये मिळतो. भावाशी भांडायला नको म्हणून हा माणूस उद्या पाण्यालाही जाऊ दे ना म्हणेल. मी भांडायचं सोडलं नाही, पण वर बघून बोलायचं सोडलं. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं.

सप्टेंबरात एका शुक्रवारी दुपारी आभाळ फाटलं. मी ऑफिसच्या खिडकीशी होते. कार पार्कमध्ये बघता बघता तळं झालं. उन्हानं भाजलेली जमीन पहिलं पाणी पीत नाही, नुसतं पुढं ढकलून देते, हे मी लहानपणापासून बघितलंय. माथ्यावरचा गहू निघून गेला होता, शेत उघडं होतं. मी लॅपटॉप मिटला, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि गाडी काढली.

पोचले तोवर पाऊस उघडला होता आणि ताल फुटली होती. मधोमध, त्या चपट्या दगडाच्या कडेनं. मोठ्या गुळगुळीत दगडाला माती चिकटून राहत नाही, पाणी तिथूनच वाट काढतं. दगड माझ्या बाजूला येऊन पडला होता. भाऊजींचा खालचा वाफा जागेवर नव्हता. घासलेल्या पातेल्यासारखा खडू वर आला होता. सगळी माती माझ्याकडे उतरली होती. माझ्या काठ्या आडव्या, जगवलेले दोन वेल गेलेले, पुठ्ठे कुठल्या कुठं, आणि माझ्या मातीवर वीतभर बारीक गाळ पसरलेला. हातानं कोळपलेला गाळ, एक तणाची काडी त्यात नव्हती.

पहिल्यांदा माझ्या मनात आलं, बरं झालं. सांगितलं होतं ना. मग मी बूट काढून त्या गाळात पाय ठेवला. तो मऊ होता आणि अजून कोमट होता, आधीच्या उन्हामुळं असेल. माझ्या तोंडून अक्का एवढंच निघालं आणि मी तिथं चिखलात बसून रडले. ऑफिसचे कपडे होते अंगावर. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये जे रडायचं राहिलं होतं ते तिथं रडून घेतलं.

रविवारी भाऊजी व्हीलबॅरो, म्हणजे एकचाकी ढकलगाडी, आणि फावडं घेऊन आले. आम्ही दोघं आधीच तिथं होतो. ते फुटलेल्या जागेतून खाली उतरले. अलॉटमेंट मिळाल्यापासून त्यांनी आमच्या तुकड्यात पाय टाकला तो त्या दिवशी पहिल्यांदा. दाढी वाढलेली होती, एका रात्रीत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते, आणि मला त्याचंही काही वाटलं नाही. मिस्टरांनी लगेच आपलं फावडं उचललं, मदतीला. मी त्यांच्या हातातून ते काढून घेतलं आणि गाळाच्या कडेला उभी राहिले. भाऊजींनी भावाकडे बघितलं, तिला सांग म्हणायला. भाऊ जमिनीकडे बघत होता. मग त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"बाजूला हो," ते म्हणाले. "मला माती न्यायचीय."

"उतरलेली माती मागत नसतात, भाऊजी. हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे?"

"ही नुसती माती नाही. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणूनच सांगते. तुम्ही अक्कांना इतकी वर्षं अडवून धरलंत. दगडावर डबा ठेवून त्या परत फिरायच्या. मी दाराशी आले तर तुम्ही झोप लागलीय म्हणालात. आता त्या आपणहून आल्यात माझ्याकडे. मी त्यांना परत पाठवणार नाही."

त्यांनी फावडं गाळात खुपसलं होतं, ते तसंच धरून उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस मला ढकलणार. मीही तयार होते. मिस्टर मधे येऊन म्हणाले की निम्मी निम्मी करू या. वाटण्यांची एवढी हौस या घराला! मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुन्हा काठ्यांकडे गेले. खालून सेक्रेटरीबाई थर्मास घेऊन वर आली. तिला वाटलं की राडा कुणी साफ करायचा यावरून आमचं चाललंय. ती म्हणाली, काळजी करू नका, शनिवारी सगळे मेंबर व्हीलबॅरो घेऊन येऊ आणि ही माती वर नेऊन टाकू, तासाभराचं काम. मी तिला इंग्रजीत सांगितलं की थँक यू, गरज नाही, आमच्यात हे ठरलेलं असतं. ती भाऊजींकडे बघत राहिली. असं काही ठरलेलं नसतं म्हणाले असते तर कमिटी त्यांच्या बाजूनं होती, फोटो अजून बोर्डावर होता. पण तेही त्याच मुलखातले. नियम त्यांनाही ठाऊक होता, त्यांच्या बापानंही कधी उतरलेली माती मागितली नसेल. त्यांनी फावडं उपसलं, गुडघ्यावर आपटून झाडलं, आपल्या बुटाला लागलेला गाळसुद्धा काठीनं खरवडून माझ्याकडेच पाडला, आणि रिकामी व्हीलबॅरो घेऊन चढावर गेले. चाक कुरकुरत होतं.

मी जिंकले, असं मिस्टर गाडीत म्हणाले. मी त्यांना गप्प बसायला सांगितलं.

त्या गाळात मी काही पेरलं नाही. दर रविवारी कोळपत राहिले, वरचा थर मोकळा ठेवत. मग पावसाळी हवा सुरू झाली. इथला हिवाळ्यातला पाऊस आपल्यासारखा धो धो नसतो, पण चिकट असतो, दिवसच्या दिवस रिपरिप. प्रत्येक रविवारी मला तो थर थोडा पातळ झालेला दिसायला लागला. थोडं थोडं खाली चाललं होतं, सेक्रेटरीबाईच्या डेलियांकडे. मला ते बघवेना. कुठली कोण बाई, तिच्या डेलियांत माझी अक्का. मी खालच्या हद्दीवर ताल घालायला घेतली. खडूची ढेकळं, गवताची ढेपसं, गारगोट्या, थरावर थर, पायानं दाबून. माझाही हात त्यात बसलेला आहे. मिस्टर दगड आणून द्यायचे. सेक्रेटरीबाई येऊन कौतुक करून गेली.

शेवटचा थर आला तेव्हा मिस्टरांनी विचारलं, सांडवा कुठल्या टोकाला ठेवतेस. मी ऐकलं नाही असं दाखवलं. एक टोक बंद केलं होतं, दुसरं बंद करायला घेतलं. मधे तो चपटा दगड घालायचा नाही एवढं मात्र मी ठरवलं होतं, तो मी गाळाशेजारी ठेवला होता, होता तसा.

वर भाऊजी उभे होते. हातात कोळपं होतं आणि समोर नुसता खडू, कोळपायला काही नव्हतं. बराच वेळ ते माझं काम बघत होते. मग त्यांनी भावाला न सांगता थेट मला हाक मारल्यासारखं केलं.

"सांडवा ठेव," ते म्हणाले. "फुटेल."

बरोबर होतं त्यांचं. हेच मी त्यांना सगळ्या अलॉटमेंटला ऐकू जाईल असं सांगितलं होतं. मी वर बघितलं नाही. हातातली गारगोटी शेवटच्या फटीत बसवली आणि तिच्यावर पायानं माती दाबली.